जकातीचा रांजण आणि वाटेतला दगड

आमच्या शाळेचे माध्यम उर्दू आहे. मी तिथे मराठी शिकवतो आणि वेळापत्रकात जागा निघाली की उर्दूचेही तास घेतो. मागच्या वर्षी आठवीच्या तासाला ‘जकात’ हा शब्द आला. अर्थ विचारला तर अर्ध्याहून जास्त वर्ग एका सुरात म्हणाला, ‘‘सर, वर्षातून एकदा गरिबांना देतात ती. अडीच टक्के.’’ मागच्या बाकावरच्या एका मुलाचे अब्बा टेम्पो चालवतात. तो उभा राहून म्हणाला, ‘‘नाही सर. अब्बा सांगतात, पूर्वी नाक्यावर गाडी थांबवून पैसे घ्यायचे, ती जकात.’’ वर्ग हसला.

मी म्हणालो, दोन्ही उत्तरे बरोबर आहेत. शब्द अरबी आहे. वाढणे, शुद्ध होणे हे त्याचे मूळ अर्थ. दीनमध्ये तो मालावरचा गरिबांचा हक्क झाला. दख्खनच्या कारभारात तोच शब्द मालावरचा सरकारचा हक्क झाला आणि मराठीने तो त्याच अर्थाने उचलला. एक जकात आपण मनाने देतो, दुसरी आपल्याकडून घेतली जाते. मुलांना ही गंमत आवडली. मग मी त्यांना सांगितले की जकात गोळा करायचा म्हणतात असा दोन हजार वर्षांच्या वाटेवरचा एक दगडी रांजण आपल्या कल्याणपासून फार लांब नाही. मी वर्षातून चार-पाच वेळा त्याच्याजवळ जाऊन येतो.

‘‘कशाला जाता सर?’’

‘‘वाट साफ करायला.’’

यावर वर्ग पुन्हा हसला. या हसण्याचे उत्तर तेव्हा नीट देता आले नाही, म्हणून हा लेख.

बाप-दादांची उतरण

कल्याणहून नगरकडे जाणाऱ्या रस्त्यावर मुरबाड, टोकावडे मागे टाकले की वैशाखरे गाव लागते. उजव्या हाताला सह्याद्रीची भिंत उभी असते आणि तिच्या माथ्यावर अंगठा उभारल्यासारखा एक कडा दिसतो. तो नानाचा अंगठा. त्याच्या बगलेतून वर चढणारी पायवाट म्हणजे नाणेघाट. वर पोहोचलो की जुन्नर तालुक्यातले घाटघर, शेजारी जीवधन किल्ला आणि पुढे जुन्नर. खाली कोकण, वर देश.

माझ्या अम्मीचे माहेर जुन्नरचे. लहानपणी सुट्टीत आम्ही एसटीने माळशेजमार्गे जायचो. बस वैशाखऱ्याजवळ आली की नानी खिडकीतून बोट दाखवून म्हणायची, ‘‘तो अंगठा बघ. त्याच्या बाजूने तुझ्या नानाचे वालिद उतरायचे. तट्टावर कागदाचे गठ्ठे घालून.’’ जुन्नरचा हातकागद एके काळी नावाजलेला होता. तो बनवणारे कागदी मुसलमान होते. मराठीतल्या किती तरी जुन्या दफ्तरांत जुन्नरी कागद वापरला गेला आहे. ज्या कागदावर या मुलखाचा इतिहास लिहिला गेला, त्याचा लगदा कुटणाऱ्या हातांत आमच्या घरचेही हात होते, हे मला खूप उशिरा समजले. लहानपणी फक्त अंगठा दिसायचा.

सहा वर्षांपूर्वी एका सहकारी शिक्षकामुळे मी डोंगरवाटा दुरुस्त करणाऱ्या एका गटात सामील झालो. बँकेतले, कारखान्यातले, दोन-तीन डॉक्टर, बरेचसे कॉलेजचे विद्यार्थी. गटाला कुणाचे अनुदान नाही. वनखात्याला आणि गावाला आधी कळवायचे, स्वतःच्या पैशाने यायचे, स्वतःचा डबा आणायचा. लेणी आणि शिलालेख हे पुरातत्त्व खात्याचे काम, त्याला आम्ही हात लावत नाही. आमचे काम वाटेपुरते.

वाट म्हणजे पाण्याशी भांडण

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते, वाट साफ करणे म्हणजे प्लास्टिकच्या बाटल्या उचलणे. त्याही उचलतोच, पोत्यांनी उचलतो. पण डोंगरातल्या वाटेचा खरा शत्रू पाणी आहे. जून ते सप्टेंबर सह्याद्रीचा हा उतार धबधब्यासारखा वाहतो. पाण्याला खाली जायला सोपा मार्ग हवा असतो आणि माणसाने तुडवलेल्या वाटेइतका सोपा मार्ग त्याला दुसरा सापडत नाही. एकदा पाणी वाटेत शिरले की आधी माती जाते, मग बारीक खडी, मग मोठे धोंडे उघडे पडतात. वाटेचा ओढा होतो. चालणारे मग त्या ओढ्याच्या कडेने चालू लागतात, तिथले गवत मरते, आणि पुढच्या पावसात ओढा आणखी रुंद होतो.

यावर उपाय जुना आणि साधा आहे. वाटेवर ठरावीक अंतराने तिरकी दगडांची ओळ बसवायची, म्हणजे पाणी त्या ओळीवर आपटून बाजूच्या उतारावर निघून जाते. ओळ अगदी आडवी घातली तर पाणी तिच्यावरून उडी मारते, फार तिरकी घातली तर तिच्या कडेने चर पाडते. मे महिन्यात या ओळी नीट करायच्या, त्यांच्या तोंडाशी साचलेला पाला आणि गाळ काढायचा. पावसाळ्यानंतर पडलेली झाडे बाजूला करायची, घाणेरी आणि रानमोडीची जाळी कोयत्याने मागे सारायची. वळणावर लोक आडवाटेने सरळ उतरतात, त्या आडवाटा काटेरी फांद्या टाकून बंद करायच्या. कारवी मात्र शक्यतो तोडायची नाही. तिच्या मुळांनीच उतार धरून ठेवलेला असतो.

मला दगड बसवायला शिकवले ते घाटाखालच्या वाडीतल्या एका म्हाताऱ्या ठाकरबाबांनी. मी एक चांगला चौकोनी दगड निवडून मातीवर ठेवला आणि त्यावर उभा राहून दाखवले. बाबा काही बोलले नाहीत. त्यांनी पायाच्या अंगठ्याने दगडाचा एक कोपरा दाबला आणि दगड डुगडुगला. ‘‘मास्तर, तो बसला नाही. ठेवलाय नुसता. त्याची बसकण शोधा.’’ मग पहारीने खड्डा केला, दगडाची रुंद बाजू खाली घेतली, तो डोंगराच्या अंगाला किंचित झुकवला आणि फटींत चिपा ठोकल्या. एका दगडाला पाऊण तास गेला. बीएडला अध्यापनाच्या पद्धतींचे पेपर दिले होते. पण चुकलेल्या विद्यार्थ्याला न रागावता चूक दाखवण्याचा इतका चांगला पाठ मी वर्गात पाहिला नव्हता.

कोरलेली नावे आणि न कोरलेली

घाटाच्या माथ्याशी खडकात खोदलेले लेणे आहे. त्याच्या भिंतींवर ब्राह्मी लिपीतला मोठा लेख आहे. सातवाहन राणी नागनिकेचा हा लेख इसवी सनाच्या आधीच्या पहिल्या शतकातला मानतात. राजाने केलेले यज्ञ आणि दक्षिणेत दिलेल्या गायी, घोडे, हत्ती, नाणी यांची त्यात यादी आहे. मागच्या भिंतीवर राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती कोरलेल्या होत्या. आता वर त्यांची नावे आणि खाली पायांच्या खुणा एवढेच उरले आहे. १८२८च्या उन्हाळ्यात सायक्स या इंग्रज अधिकाऱ्याने हे लेणे पाहिले आणि अभ्यासकांच्या जगात त्याची माहिती गेली. पुढे भगवानलाल इंद्रजी आणि ब्यूलर यांनी हा लेख वाचण्यासाठी मोठे काम केले.

या लेखातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट म्हणजे त्यातले आकडे. दानाच्या संख्या चिन्हांनी लिहिल्या आहेत. त्यांत शून्य नाही. दहा, शंभर, हजार यांची वेगळी चिन्हे आहेत. याच ब्राह्मी अंकांच्या घराण्यातून पुढे आपले देवनागरी अंक आले. हिंदुस्थानी अंकपद्धतीवर नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मीने पुस्तक लिहिले. अरब त्या अंकांना हिंदी अंक म्हणत, युरोपने ते अरबांकडून घेतले म्हणून अरबी अंक म्हटले. उर्दूतले दोन आणि तीन आडवे करून पाहा, मराठीतल्या दोन आणि तीनशी त्यांचे नाते लगेच दिसते. एकाच चिन्हाला एकजण हिंदी म्हणतो, दुसरा अरबी. मालासारख्या कल्पनाही वाटेने जातात आणि उतरतात त्या गावचे नाव घेतात.

लेण्याच्या पुढे वाटेच्या कडेला तो दगडी रांजण आहे. व्यापारी जकातीची नाणी त्यात टाकत, अशी परंपरेची समजूत आहे. घाटाच्या नावातले नाणे त्याच्याशी जोडतात. घाटावरच्या वसुलीचा हिशेब लिहिणाऱ्याला घाटपांडे म्हणत, ते आडनाव आजही आपल्याकडे आहे. म्हणजे घेणाऱ्यांची आठवण भरपूर शिल्लक आहे: रांजण आहे, लेख आहे, आडनाव आहे. पण या वाटेवरच्या पायऱ्या कुणी खोदल्या, पावसाने वाहून गेलेले दगड पुन्हा कुणी बसवले, त्यांचे नाव कुठेही कोरलेले नाही. ही वाट दोन हजार वर्षे चालती राहिली, याचा अर्थ दर काही वर्षांनी कुणी तरी पाण्याशी हे भांडण केलेले असणार. डोंगरातली वाट सांभाळल्यावाचून टिकत नाही, एवढे मी सहा वर्षांत शिकलो आहे.

दान देणाऱ्या सामान्य माणसांचे काही पत्ते मात्र जुन्नरच्या लेण्यांत सापडतात. लेण्याद्रीचे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा मुलगा सुलसदत्त याने दिले, असे तिथला लेख सांगतो. हेरणिक म्हणजे सोन्याचा व्यवहार पाहणारा. कल्याणचा माणूस जुन्नरला जाऊन लेणे कोरवून घेतो, तो बहुधा याच घाटाने चढला असेल. त्याच डोंगरांत इरिल नावाच्या एका यवनाचा लेख आहे. त्याने पाण्याची दोन टाकी दिली. यवन म्हणजे तेव्हाचा ग्रीक किंवा पश्चिमेकडचा परका. त्याचे बाकी काहीही मागे उरले नाही. तहानलेल्याला पाणी दिले, एवढीच त्याची या मुलखातली नोंद आहे.

‘‘तुम्ही इकडे कसे?’’

आता जे सांगायचे टाळत होतो ते सांगतो.

गटातले दुसरे वर्ष असेल. लेण्याच्या बाहेर सावलीत आम्ही डबे उघडले होते. इंजिनियरिंगचा एक मुलगा, कामाला वाघ, माझ्याशी नेहमी अदबीने बोलणारा. तो म्हणाला, ‘‘सर, राग मानू नका. तुमच्या लोकांनी इतकं तोडलं, आणि तुम्ही इथे येऊन दगड लावता. कसं वाटतं?’’

आसपासच्या लोकांचे घास थांबले. कुणी तरी त्याला दटावले. मी हसून काही तरी बोललो आणि विषय बदलला. पण उतरताना त्याचे वाक्य माझ्याबरोबर उतरत होते. ‘तुमच्या लोकांनी.’ त्या एका शब्दात त्याने मला घाटाच्या पलीकडे उभे केले होते आणि स्वतः अलीकडे.

त्याच आठवड्यात जुम्याच्या नमाजनंतर मोहल्ल्यातले एक बुजुर्ग भेटले. माझ्या हातावरचे ओरखडे पाहून त्यांनी चौकशी केली आणि ऐकल्यावर म्हणाले, ‘‘मास्टर, बुतखान्याच्या रस्त्यावर बिगारी करता आणि इथे मशिदीपुढचं गटार तुंबलंय.’’ गटाराबद्दल त्यांचे म्हणणे खरे होते. पुढच्या रविवारी आम्ही चौघांनी फावडी घेऊन ते उपसले. पण त्यांचे पहिले अर्धे वाक्य आणि त्या मुलाचे वाक्य एकाच साच्यातले आहेत, हे माझ्या लक्षात आले. दोघांनाही असे वाटत होते की ती वाट माझी नाही.

काही दिवसांनी गट शिवनेरीला गेला तेव्हा मी त्या मुलाला बरोबर घेऊन चाललो. १६३० साली शिवाजी महाराजांचा जन्म झालेली जागा पाहिली. मग वर गेलो. वर ईदगाह आहे आणि कोळी चौथराही आहे. १६५०च्या सुमारास जुन्नर भागातले महादेव कोळी मुघलांविरुद्ध उठले. मुघल फौजेने त्यांना पकडून या गडावर मारले, त्याची आठवण म्हणून तो चौथरा. मी त्याला म्हणालो, ‘‘तू विचारलंस ना, कसं वाटतं? इथे उभा राहिलो की वाईट वाटतं. मारणारी फौज मुघल बादशहाची होती, हे मी झाकत नाही. मुलांनाही शिकवताना झाकत नाही.’’

मग त्याला निकितीनची गोष्ट सांगितली. अफनासी निकितीन हा रशियातल्या त्वेर गावचा व्यापारी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी राज्यात, तो एक घोडा विकायला घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि डोंगर चढून जुन्नरला आला. पावसाळा त्याने तिथेच काढला. चार महिने सगळीकडे पाणी आणि चिखल, असे त्याने लिहून ठेवले आहे. जुन्नरचा गड माणसाने बांधलेला नसून देवाने केलेला आहे आणि वर जाणारी वाट इतकी अरुंद की दोघे शेजारी चालू शकत नाहीत, असेही तो म्हणतो. जुन्नरचा अधिकारी असद खान याने त्याचा घोडा काढून घेतला आणि अट घातली: मुसलमान हो, तर घोडा परत आणि वर एक हजार मोहरा. चार दिवसांची मुदत दिली. निकितीन आपल्या धर्माला धरून होता, रडकुंडीला आला. मुदतीत मुहम्मद नावाचा खुरासानचा एक ख्वाजा तिथे पोहोचला. त्याने खानाकडे जाऊन रदबदली केली, निकितीनचा धर्म वाचवला आणि घोडाही परत मिळवून दिला.

‘‘घोडा हिसकावणारा मुसलमान होता,’’ मी म्हणालो, ‘‘आणि सोडवणाराही मुसलमान होता. माझे लोक म्हणजे यातला कोण? मला निवडायला मिळालं तर मी ख्वाजा निवडेन. तूही तुझ्या इतिहासात कुणाला तरी निवडतोसच की.’’

तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘सर, त्या घोड्याचं पुढे काय झालं?’’ मला हसू आले. पुढे तो बीदरला जाऊन विकला, असे सांगितले. आमचे भांडण असे संपले. त्याने माफी मागितली नाही आणि मला ती नकोही होती. पुढच्या मोहिमेला त्याने माझ्या बाजूची पहार उचलली.

शब्दांची रहदारी

जुन्नर हे गावच असे आहे की तिथे ‘आमचे’ आणि ‘तुमचे’ अशी सरळ वाटणी करता येत नाही. मलिक अहमदने निजामशाही उभी केली ती आधी जुन्नरात, मग नगरला. हबशी देशातून गुलाम म्हणून आलेल्या मलिक अंबरने सतराव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षे निजामशाहीची राजधानी जुन्नरला ठेवली आणि मराठा सरदारांना बरोबर घेऊन मुघलांशी झुंज दिली. नाणेघाटाच्या डोक्यावरच्या जीवधन किल्ल्यात निजामशाहीचा शेवटचा बालवारस होता. त्याला तिथून काढून गादीवर बसवणारे शहाजीराजे भोसले होते. जुन्नरजवळच्या हापूसबागेत हबशी दडला आहे असे सांगतात, आणि तिथला भव्य घुमट सौदागर घुमट म्हणून ओळखला जातो. सुलतानाचा नव्हे, सौदागराचा. वाटेने गाव मोठे केले होते, हे त्या नावातही दिसते.

भाषेचा शिक्षक म्हणून मला तर हा घाट शब्दांनी भरलेला दिसतो. वाट, घाट, खिंड, वाटाड्या, रांजण हे इथले. रस्ता, मजूर फारसीतून आलेले. मुक्काम, हमाल अरबीतून. ‘मजल दरमजल’ ही बखरींची लाडकी शब्दजोडी, तिच्यातली मजल म्हणजे अरबी ‘मंजिल’, एका दिवसाची चाल. ‘रहदारी’ आज आपण वर्दळीला म्हणतो. मुघल अमदानीत तो वाटेवरच्या राखणीचा आणि त्यासाठी घेतल्या जाणाऱ्या कराचा शब्द होता. हे शब्द कुणी मराठीवर लादले असते तर ते कचेरीत राहिले असते. ते तांड्यांबरोबर, ओझ्याबरोबर, बाजाराबरोबर आले म्हणून ओव्या गाणाऱ्या बायांच्या तोंडीही रुळले.

१८३० मध्ये बोरघाटातून गाडीरस्ता खुला झाला. १८६३ मध्ये त्याच घाटातून रेल्वे धावू लागली आणि १८६५ मध्ये थळघाटातून. बैलाच्या पाठीवरचा माल डब्यात गेला. नाणेघाटासारख्या वाटा मग हळूहळू गावकऱ्यांपुरत्या उरल्या. माझ्या नानाच्या वालिदांसारखे थोडे तट्टूवाले काही काळ उतरत राहिले. मग गिरणीच्या कागदाने जुन्नरी कागद संपवला आणि तेही थांबले. वाट मरते ती अशी. कुणी हल्ला करून मोडत नाही, तिच्याकडे कुणाचे काम उरत नाही.

देण्याची जकात

वाटा सांभाळायला स्वयंसेवक लागतात ही कल्पना पाश्चात्त्य आहे, असे आमच्या गटातले काहीजण मानतात. अमेरिकेतली अपलाचियन पायवाट त्यांना माहीत असते. १९२१ मध्ये बेंटन मॅकाय या वनतज्ज्ञाने ती सुचवली, १९३७ मध्ये ती सलग जोडली गेली. सुमारे साडेतीन हजार किलोमीटरची ही वाट आजही मुख्यतः स्थानिक क्लबांचे स्वयंसेवक सांभाळतात. हे काम थोर आहे आणि तिरक्या दगडओळीची त्यांची पद्धत ठाकरबाबांच्या पद्धतीपेक्षा वेगळी नाही.

पण आपल्याकडे याची मुळे नाहीत असे कसे म्हणणार? इरिलची टाकी होती. गावोगावच्या पाणपोया, धर्मशाळा, सराया होत्या. आणि माझ्यापुरते म्हणाल तर मला हे काम मदरशातच शिकवले गेले होते, फक्त मी ते पाठ करून विसरलो होतो. ईमानच्या सत्तरहून अधिक शाखा आहेत, असे हदीसमध्ये येते. सर्वांत वरची अल्लाह एक असल्याची साक्ष आणि सर्वांत खालची वाटेतली त्रासाची वस्तू दूर करणे. आणखी एका हदीसमध्ये एक माणूस येतो, ज्याने रस्त्यातली काटेरी फांदी बाजूला केली आणि अल्लाहने त्याला माफ केले. त्या रस्त्याने कोण जाणार होते, मुसलमान की आणखी कुणी, आणि रस्ता कुठे जात होता, मशिदीकडे की बाजाराकडे, हे तिथे विचारलेले नाही. मोहल्ल्यातल्या बुजुर्गांना मी हे नंतर ऐकवले. त्यांनी दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाले, ‘‘हदीस तर सही आहे.’’ त्यांच्याकडून एवढी कबुली पुष्कळ झाली.

त्या सर्वांत खालच्या शाखेवर मी माझ्या परीने चढून बसलो आहे. वरच्या शाखांची उंची मला झेपते की नाही, तो माझा आणि अल्लाहचा मामला.

या मे महिन्यात आठवीच्या अकरा मुलामुलींना पालकांच्या संमतीने घाटावर नेले. ‘‘कशाला जाता सर?’’ विचारणारी तीच मुले. चढताना दमली, पाणी संपवले, दोघींनी माकडांना घाबरून किंचाळून घेतले. लेण्यात एका मुलीने वहीत आकडे उतरवले. टेम्पोवाल्याचा मुलगा थेट रांजणाकडे गेला आणि आत वाकला. आत वेफरची पाकिटे, गुटख्याच्या पुड्या आणि एक फुटकी चप्पल होती. त्याने एकेक वस्तू काढून पोत्यात भरली. मी सांगितले नव्हते.

दुपारी मुलांनी गटातल्या तरुणांबरोबर एक दगडओळ बसवली. शिकवणारा तोच इंजिनियर होता, आता तो नोकरीला आहे. एका मुलाने दगड ठेवून त्यावर उड्या मारून दाखवल्या. इंजिनियर काही बोलला नाही. त्याने पायाने दगडाचा एक कोपरा दाबला, दगड डुगडुगला. ‘‘बसला नाही अजून,’’ तो म्हणाला, ‘‘बसकण शोध.’’ ठाकरबाबा आता घाट चढत नाहीत. त्यांचा शब्द मात्र चढतो.

जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसानंतर वाडीवरून बाबांच्या नातवाचा फोन आला. आवाजात पावसाचा धबधबा होता. ‘‘मास्तर, पोरांच्या ओळीवरून पाणी वळलं. दोन दगड हलले, बाकीचे आहेत जागेवर.’’

दुसऱ्या दिवशी वर्गात हे सांगितले. पहिला प्रश्न टेम्पोवाल्याच्या मुलाने विचारला: ‘‘सर, ते दोन कुणी बसवले होते?’’ कुणीच हात वर केला नाही. पावसाळा संपला की ते दोन दगड पुन्हा बसवायला जायचे आहे.